रवी, हळद आणि आबांचे कान

कांदा काढणीचे दिवस आले की माझ्या हातांना पेट्रोलचा वास येतो. खरं तर येत नसणार. पन्नासहून जास्त वर्षं लोटली आणि त्या हातांनी नंतर जन्मभर खडूच धरला. पण चुलतभाऊ दरवर्षी चाकणहून एक पोतं पाठवतो, रहाटणीतल्या या चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीत मी ते जुन्या वर्तमानपत्रांवर मोकळं करते, पापुद्रे उडून शेजारणीच्या चादरींवर जाऊन बसतात, आणि माझी बोटं नकळत नाकाशी जातात. कांद्याच्या उग्र वासाच्या आत कुठंतरी तो दुसरा वास असतोच.

परवा खाली एका शेजाऱ्याची गाडी सुरू होईना. झाकण उघडून बिचारा फोन कानाला लावून उभा होता. कंपनीचा माणूस येईपर्यंत काही हात लावायचा नाही म्हणे. मधूनच तो गाडी सुरू करून बघायचा. ती फुरफुरायची, खोकायची, गप्प व्हायची. चौथ्या मजल्यावरून मला कळलं की एक सिलेंडर पेटत नाहीये. मी कठड्याला धरून उभी राहिले. खाली जाऊन सांगावं असं वाटलं, पण सत्तरीच्या बाईकडून कोण असलं ऐकून घेणार? शिवाय जे मी शिकले ते ज्या कारणानं शिकले, ते कारण मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आमची लॉरी लढाईतून आली होती, आणि आबाही. आबा म्हणजे माझे वडील. लष्करात ते लॉरी चालवायचे. लढाई संपल्यावर सरकारनं जुन्या गाड्या विकायला काढल्या, तेव्हा त्यांनी त्यातलीच एक घेतली. हिरवा रंग पोपडे धरून निघत होता, आणि दारावर पुसट झालेला एक पांढरा आकडा होता. चाकणच्या अलीकडे रस्त्यालगत आमची वस्ती. शेत थोडं, कांदा बरा यायचा. आपला आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचा कांदा लॉरीत भरून आबा पुण्याच्या बाजारात न्यायचे. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. पिंपरीच्या माळावर कारखान्यांच्या भिंती उभ्या राहायला लागल्या होत्या, पण आमच्याकडे मोटार दुरुस्त करणारा माणूस म्हणजे पुण्यातच. राजगुरुनगरला, तेव्हा आम्ही खेडच म्हणायचो, एक लोहार होता. तो नांगराचा फाळ आणि लॉरीच्या स्प्रिंगचा पाटा एकाच हातोड्यानं ठोकायचा.

म्हणून दुरुस्ती अंगणात व्हायची, आणि हत्यारं आईच्या स्वयंपाकघरातून यायची. रेडिएटर गळायला लागला की आबा आत डोकावून म्हणायचे, "हळद हाय का गं?" मूठभर हळद पाण्यात टाकली की इंजिन तापल्यावर ती फुगून बारीक भोकं बुजवायची. तेलाची टाकी पाझरली तर धुण्याचा साबण ओला करून भेगेवर घासायचा, आठ दिवस निघायचे. बोटं पोचत नाहीत अशा खबदाडीत नट बसवायचा असेल, तर पान्याच्या तोंडात कणकेची गोळी ठेवून त्यात नट चिकटवायचा. सोडवलेले स्क्रू, चकत्या, स्प्रिंगा परातीत क्रमानं मांडायच्या, म्हणजे उलट्या क्रमानं परत बसवता येतात. एकदा पायाखालच्या पेडलच्या सळईतली पिन हरवली, तर आबांनी माझ्या अंबाड्यातला आकडा काढून तिथं अडकवला. तो आकडा पुण्याला जाऊन आला आणि मी तोवर केस मोकळे घेऊन हिंडले.

शेजारच्या घरात आबांची विधवा बहीण राहायची, गंगूआत्या. ती नाक मुरडायची. "ह्या घरात येक दिवस पेट्रोलची आमटी मिळनार हाय बगा." आई हसायची. मी चौदाची असताना आई तापानं गेली, आणि ते हसू गेलं. आबा बोलेनासे झाले. मी बोलेनाशी झाले. दोघं जेवायला बसलो की भाकरी मोडल्याचा आवाज ऐकू यायचा.

मी सतराची झाले त्या वर्षी भाद्रपदात आबा अंगणात बसून लॉरीच्या मागच्या चाकात हवा भरत होते. त्या जुन्या चाकांना टायर धरून ठेवणारी एक लोखंडी कडी असायची. ती नीट बसली नव्हती. मी विहिरीवर होते. आवाज असा झाला, की हातातला दोर सुटून बादली विहिरीत गेली. पळत आले तर कडी गोठ्याच्या पत्र्यात घुसली होती आणि आबा धुळीत बसले होते. दोन्ही कानांतून रक्ताची बारीक रेघ आली होती. ते माझ्याकडे बघत होते आणि माझे ओठ हलताना त्यांना नुसतेच दिसत होते.

खेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, कानाचे पडदे फाटलेत. भरले तर भरतील, नाही तर नाही.

आबांनी लॉरी सोडली नाही. मागून येणाऱ्या गाडीचा भोंगा त्यांना ऐकू यायचा नाही, म्हणून मी शेजारी बसायला लागले. भोंगा वाजला की डाव्या गुडघ्यावर एक चापट मारायची, मग ते गाडी कडेला घ्यायचे. बैल किंवा मेंढरं आडवी आली तर दोन चापटी. वस्तीवरचे लोक बोलायचे. म्हादूकाका नावाचे आमचे एक शेजारी होते, त्यांचा कांदा दरवर्षी आमच्याच लॉरीतून जायचा. तेही म्हणाले, "लॉरीत पोरगी घिऊन फिरतोय, शोभतं का?" आबांना ते ऐकू आलं नाही. मला आलं, पण आबांचा गुडघा माझ्या हाताखाली होता आणि मला लोकांची पर्वा नव्हती.

खरी अडचण इंजिनाची होती. आबा इंजिन कानानं ओळखायचे. झडपांची फट वाढली की टक टक वाजतं, आणि सहा सिलेंडरांपैकी कुठल्या सिलेंडरची झडप वाजतेय हे त्यांना लांबून कळायचं. आता त्यांना काहीच कळेना. इंजिनावर हात ठेवून ते उभे राहायचे, आंधळ्या माणसानं चेहरा चाचपावा तसे. मला बघवायचं नाही.

एके सकाळी मी ताक घुसळत होते. दमून रवीच्या दांड्यावर हनुवटी टेकली, आणि डेऱ्याच्या तळाची खरखर माझ्या जबड्यातून थेट कानात आली. मी तशीच उठले. लॉरी सुरू होती. रवी उलटी धरून दांड्याचं टोक इंजिनावर टेकवलं आणि तळाचं लाकडी फूल कानाला लावलं. बाकीचा सगळा गोंगाट बाजूला झाला आणि त्या एका जागेचा आवाज तेवढा उरला. एकापाशी शांत, दोनापाशी शांत, तिनापाशी शांत, चारापाशी टक टक टक. मी आबांसमोर चार बोटं धरली. त्यांनी इंजिन बंद केलं, चौथ्याची झडप मोकळी केली, आणि फट मोजायला पोस्टकार्डाचा तुकडा मागितला. एका पोस्टकार्डाएवढी फट हवी, ना कमी ना जास्त. परत सुरू केल्यावर त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी मान हलवली. आबा हसले. आई गेल्यानंतर पहिल्यांदा.

"यमे," ते मोठ्यानं म्हणाले. बहिरे झाल्यापासून सगळंच मोठ्यानं बोलायचे. "माजं कान म्हंजी तूच गं."

त्या दिवसापासून आमचं घर बोलायला लागलं. त्यांना कळावं म्हणून मी खांद्यावर हात ठेवायचे, तोंड समोर आणायचे, ओठ नीट हलवत सावकाश बोलायचे. दिवसभर बोलायचे. भाजी काय, पाऊस कुठं, बाजारात कोण भेटलं. आणि जे त्यांना सांगण्यासारखं नसायचं ते संध्याकाळी चुलीपाशी बसून गेलेल्या आईला सांगायचे. आबा तिथंच दोन हातांच्या अंतरावर भिंतीला टेकून बसलेले असायचे. बहिरा माणूस शेजारी असला की एकांत असतो आणि सोबतही असते. आईला मी सगळं सांगितलं. मी कंटाळलेय. मला शिकायचंय. कधी कधी मला वाटतं, आबा नसतेच तर मी सुटले असते. हेसुद्धा मी बोलले, आणि बोलल्यावर रडले. आबा जाळाकडे बघत बसले होते.

शिकायचं म्हणजे काय, ते सांगायला हवं. सातवीची फायनल मी पास झाले होते. शाळेत लेलेबाई होत्या. पुण्याहून बदली होऊन आलेल्या, सडसडीत, पांढरं लुगडं नेसणाऱ्या. पुण्यात मुलींना शिक्षिका करणारं एक ट्रेनिंग कॉलेज होतं. राहण्याची सोय तिथंच. बाईंनी माझा अर्ज भरून पाठवला होता, आणि फाल्गुनात, कांदा उपटायला सुरुवात झाली त्या आठवड्यात, पत्र आलं. माझी निवड झाली होती. होळीच्या आत कळवायचं होतं.

मी पत्र घेऊन आबांकडे गेले. त्यांना वाचता यायचं नाही. मी समोर बसून, हातवारे करून सगळं सांगितलं. आबा माझ्या ओठांकडे बघत राहिले. मग कानांना हात लावून म्हणाले, "कान न्हाईत मला. तू गेलीस तर म्या काय करू?"

मी एक पोस्टकार्ड घेतलं आणि कॉलेजला लिहिलं, घरच्या अडचणीमुळे येता येणार नाही. अक्षर फार सुंदर आलं होतं. मला त्या अक्षराचाच जास्त राग आला.

आणि तरी तो हंगाम मला सुखाचाही आठवतो, हे लपवून काय उपयोग? पहाटे कांदा भरायचा. लॉरीच्या फाळक्यावर बसून निघायच्या आधी भाकरी खायची. मोशीला नदी ओलांडताना गार वारा अंगावर यायचा. एकदा तिथंच पंख्याचा पट्टा तुटला. रेडिएटरमधून वाफ सुटली. पुणं अजून लांब होतं आणि उन्हात कांदा तापत होता. बाजारात पांघरायला म्हणून मी आईचं एक जुनं लुगडं बरोबर आणलं होतं. आबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. मी त्याचा काठ फाडला. तीन पदरी वेणी घातली, ओली करून घट्ट ओढली, आणि आबांनी ती पुलीवर बसवून गाठ मारली. आईचा हिरवा काठ गरगर फिरायला लागला आणि त्या वेणीवर आम्ही पुणं गाठलं. वाटेत आबांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मी ते पुसलं. चालवणाऱ्याचे हात मोकळे नसतात.

त्याच फेरीत परत येताना भोसरीच्या अलीकडे मागून भोंगा वाजला. माझा हात उठला होता, पण चापट पडायच्या आधीच लॉरी कडेला गेली होती. मी चमकून बघितलं.

"आरशात दिसली," आबा म्हणाले.

आरसा होता. तडा गेलेला, पण होता. मी तेवढ्यावर सोडून दिलं. माणूस ज्याच्यासाठी काही सोडतो त्याच्याबद्दल संशय घेणं त्याला परवडत नाही, हे मला फार नंतर समजलं.

वैशाखात कांदा संपत आला होता. एका सकाळी लेलेबाईंचा निरोप आला. त्यांनी माझ्यासाठी पुन्हा विचारून बघितलं होतं, पण माझी जागा खेडच्या एका मुलीला दिली गेली होती. मुलगी हुशार आहे, तू वाईट वाटून घेऊ नकोस, असं बाईंनी कळवलं होतं. मी डोळे पुसले आणि रवी घेऊन अंगणात गेले, कारण शेवटच्या फेरीआधी इंजिन बघायचं होतं. रवी टेकवली. पाचव्या सिलेंडरपाशी टक टक स्पष्ट होती. पण माझं लक्ष त्या खेडच्या मुलीत होतं. ती कशी दिसत असेल, ट्रंक कुणाची नेईल, कोण पोचवायला जाईल. मी रवी खाली घेतली आणि आबांसमोर दोन बोटं धरली.

"दुसरा," मी म्हणाले.

आबांनी मान डोलावली. इंजिन बंद केलं. मी पोस्टकार्डाचा तुकडा आणायला आत गेले. परत आले तेव्हा ते पाचव्याची झडप मोकळी करत होते.

आबा चुकले वाटतं, असं माझ्या मनात आलं. सांगायला तोंड उघडलं, आणि मग आठवलं की चूक माझी होती. वाजत होता तो पाचवाच. मी पोस्टकार्ड पुढं केलं. त्यांनी फट मोजली, आवळलं, हँडल मारलं. इंजिन तुपासारखं चालायला लागलं. आबांनी फडक्यानं हात पुसले आणि झाकण लावून टाकलं.

माझ्या तोंडाकडे न बघता.

मी तिथंच उभी होते. अंगण तेच, ऊन तेच, परातीत चकत्या मांडलेल्या. मी इंजिन बंद केलं. आबांकडे पाठ केली आणि अगदी हळू, घरातल्या घरात बोलावं इतक्या हळू म्हणाले, "चुलीवरचं दूद उतू चाललंय."

मागं पाऊल वाजलं. एकच. दाराच्या दिशेनं पडलं आणि थांबलं.

मी वळले. आबा तसेच उभे होते, एक पाय पुढं टाकून.

"कवापासनं?" मी विचारलं. ओरडले नाही. ओरडायची गरज नव्हती, तेच तर होतं.

आबा लॉरीच्या पायरीवर बसले. "संक्रांतीच्या आदुगर," ते म्हणाले. आणि त्यांचा आवाज बारीक होता. कित्येक महिन्यांनी मी त्यांचा खरा आवाज ऐकत होते. "डावा आदी आला. मंग उजवा."

"मंग बोलला का न्हाई?"

"बोलनार व्हतो."

"कवा? पत्र आलं तवा? म्या समोर बसून सांगत हुते, हात नाचवून, तवा?"

"तू गेली आस्तीस, यमे."

"गेलेच आस्ते."

"व्हय. म्हनूनच." त्यांनी फडकं हातात पिळलं. "तुजी आई गेली आन् ह्या घरात आवाज ऱ्हायला न्हवता. माजं कान गेलं तवा तू बोलाया लागलीस. खांद्यावर हात ठिवून, त्वांडाम्होरं त्वांड आनून. कान आलं म्हनून सांगितलं आस्तं, तर पुन्यांदा समदं गप झालं आस्तं."

ते ऐकताना माझा राग ओसरायला लागला होता. खरंच लागला होता. तेवढ्यात एक गोष्ट माझ्या लक्षात आली.

"चुलीपाशी म्या आईसंगं बोलत हुते, त्ये?"

आबांनी मान खाली घातली.

"आबा, त्ये आईकलं?"

"आईकलं."

"समदं?"

"समदं."

त्या एका शब्दावर माझं आणि आबांचं नातं तुटलं. शिक्षण हुकल्याचं दुःख मोठं होतं, पण ते दुःख मला कळत होतं. त्याला नाव होतं. हे दुसरं मात्र अंगावरचं वस्त्र काढल्यासारखं होतं. माझा हुंदका, मला सुटायचंय हे, ते नसते तर हे, सगळं दोन हातांवरून त्यांनी ऐकलं होतं आणि जाळाकडे बघत बसले होते. ऐकूनही मला जाऊ दिलं नव्हतं. आईला सांगितलेलं आईपर्यंत पोचलं असेल की नाही, देव जाणे. मध्येच ते कुणीतरी घेतलं होतं.

मी कुणाला सांगितलं नाही. गंगूआत्याला नाही, लेलेबाईंना नाही. आबांना वाटलं मी त्यांची अब्रू राखतेय. सुरुवातीला मलाही तसंच वाटायचं. पण पुढचं सबंध वर्ष मी जे केलं त्याला अब्रू राखणं म्हणत नाहीत. लोकांसमोर मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडायचे, "आबाऽऽ, पानी हवंय काऽऽ?" घरात दोघंच असलो की एक शब्द बोलायचे नाही. चुलीपाशी बसायचे तर भाकऱ्या थापल्याचा आवाज, बस्स. ज्या शांततेच्या भीतीनं त्यांनी हे केलं, ती शांतता मी त्यांना ताटात वाढली.

आणि त्यांना खरं सांगता येईना. कसं सांगणार? वस्तीला काय म्हणणार, पोरीला घरात ठेवायला बहिऱ्याचं सोंग केलं? एकदा म्हादूकाका आमच्या ओट्यावर तंबाखू मळत बसले होते. आबा त्यांच्यासमोर, हाताच्या अंतरावर. म्हादूकाका मला म्हणाले, "ह्या बहिऱ्यापायी तुज्या जल्माचं वाटुळं झालं बग, पोरी. आसला बाप आसन्यापरीस..." आणि पुढचं वाक्य त्यांनी तंबाखूबरोबर तोंडात टाकलं. आबा समोरच्या कडुनिंबाकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावरची एक रेघही हलली नाही. फक्त मांडीवरचा हात उघडला आणि मिटला. मी ते बघितलं. मला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची लाज मला आजही वाटते, पण तेव्हा बरं वाटलं होतं हे खरं.

पुढच्या वर्षी अर्ज मी स्वतः भरला, कुणाला न विचारता. निवड झाली. मी जाणार म्हटल्यावर वस्तीवर सगळ्यांना एकच प्रश्न पडला, आता बहिरा माणूस एकटा लॉरी कशी चालवणार? कुणी त्यांच्या गाडीत कांदा भरायला तयार होईना. आबा धडधाकट होते, दोन्ही कान शाबूत होते. एक वाक्य बोलले असते तर लॉरी रस्त्यावर राहिली असती. ते बोलले नाहीत. लॉरी कडुनिंबाखाली उभी राहिली, तिच्या हौद्यात कोंबड्या अंडी घालायला लागल्या, आणि आबा शेतात राबायला लागले. त्यानंतर ते अकरा वर्षं जगले. बहिरे म्हणूनच जगले आणि बहिरे म्हणूनच गेले. मी नोकरीला लागले, सुट्टीत यायचे, आठ दिवस राहायचे. पैसे द्यायचे, औषधं आणायचे, जेवायला वाढायचे. कर्तव्यात मी कुठं कमी पडले नाही. त्यांच्या शेवटच्या दुखण्यात मी उशाशी होते. तेव्हाही खोलीत माणसं होती, आणि मी वाकून त्यांच्या कानात मोठ्यानंच बोलले.

वर्गात एखादं पोर "बाई, ऐकू नाही आलं" म्हणायचं तेव्हा इतर शिक्षिका रागवायच्या. मी कधी रागवले नाही. जवळ जाऊन मी त्याच्या डोळ्यांत बघायचे. फार वेळ बघायचे, इतका की पोर घाबरायचं.

पण मला राहून राहून आठवतो तो मी निघाले तो दिवस. जून लागला होता, आभाळ भरून आलं होतं, पाऊस नव्हता. चाकणच्या एस्टी स्टँडवर मला पोचवायला वस्तीवरची दहा-बारा माणसं आली होती. गंगूआत्या, म्हादूकाका, लेलेबाई, शेजारपाजारच्या बायका. आमच्याकडून शिकायला पुण्याला जाणारी मी पहिली मुलगी. आबा ट्रंक डोक्यावर घेऊन आले होते. त्यांनी ती टपावर चढवून दिली आणि माझ्या खिडकीखाली येऊन उभे राहिले. धुतलेलं धोतर, इस्त्री नसलेला पांढरा सदरा. मी वर्षभर त्यांच्याकडे नीट बघितलं नव्हतं. कानशिलाजवळ केस पिकले होते.

माझ्या मनात काय आलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. सूड होता का? असेल. पण नुसता सूड नव्हता. मला त्यांच्या तोंडून एक खरा शब्द हवा होता, सगळ्यांसमोर. तेवढ्यासाठी मी काहीही द्यायला तयार होते, पुणंसुद्धा. मी खिडकीतून वाकले. आवाज चढवला नाही. पूर्वी चुलीपाशी आईशी बोलायचे तशा आवाजात म्हणाले, "आबा, येकदा मला थांब म्हना. लोकांच्या म्होरं म्हना. म्या उतरते."

त्यांनी ऐकलं. मला माहीत आहे त्यांनी ऐकलं. गळ्याची घाटी वर गेली आणि खाली आली, ओठ सुटले. गंगूआत्या त्यांच्याकडे बघत होती, म्हादूकाका बघत होते, लेलेबाई बघत होत्या.

आबांनी तळहात कानामागं धरला, आत्याकडे वळले आणि मोठ्यानं विचारलं, "काय म्हनती ती?"

आत्यालाही धड ऐकू आलं नसणार; तिनं त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, "येते म्हनतीऽऽ, येते!"

"व्हय, व्हय," आबा म्हणाले. "ये."

कंडक्टरनं घंटी मारली.